हात लावू नये

जनावराजवळ जायचं झालं की मामा आधी चपला काढायचे. देवळापुढं काढतात तशा नीट जोडीनं नव्हे, पायानंच बाजूला सारून. मग उजवा हात पालथा करून जनावराच्या नाकापुढं धरायचे. ते हुंगेपर्यंत थांबायचे. नंतर मान, खांदा, पाठ, पोट असा हात हळूहळू मागं सरकवत न्यायचे. रुजू झाले त्याच दिवशी मी थर्मामीटर घेऊन एका गाईच्या सरळ मागं गेले आणि मांडीवर लाथ खाल्ली. मला उठवता उठवता ते म्हणाले, "आधी वळख द्या मॅडम, मग हात लावा. आपल्याला तरी कोनी न सांगता हात लावला तर चालंल का?"

तुमच्याही ऑफिसात असा एखादा मामा असेल. सरकारी ठिकाणी शिपायाला, परिचराला मामा म्हणायची रीतच आहे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असतं आणि बहुतेक वेळा तिथंच राहतं. आमच्या मामांचं पद परिचराचं होतं. दवाखाना झाडायचा, पाणी भरायचं, औषधांची खोकी उतरवून घ्यायची, जनावर धरायचं, एवढं काम कागदावर लिहिलेलं. शिक्षण नववी पास.

मी नाशिककडची. पशुवैद्यकाची पदवी घेतली, वर आणखी दोन वर्षं शिकले आणि सत्ताविसाव्या वर्षी सेनगाव तालुक्यातल्या त्या दवाखान्यात आले. साखरा गावाच्या पुढं जीपनं अर्धा तास. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, जनावर अडकवायला लोखंडी खोडा आणि भोवती सोयाबीनची शेतं. ट्रंकेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती. मामांनी ती ट्रंक जीपवरून उतरवली, वजन जोखलं आणि विचारलं, "एवढं समदं वाचलंय तुमी?" मी हो म्हणाले. "मंग तर बरं झालं," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. टोमणा नव्हता.

पहिले काही महिने लोक दारात येऊन विचारायचे, "डॉक्टर कुठं गेले?" मी समोर बसलेली असायचे. मामा झाडू बाजूला ठेवून सांगायचे, "ह्याच डॉक्टर." मग लोक एकमेकांकडं बघायचे आणि हळूच म्हणायचे, "मामा, तुमीच बघा ना जरा." त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर असायचं, "मी बगतो, पन सांगतील त्या."

आणि ते बघायचे. चपला निघायच्या, हात फिरायचा. एखाद्या बैलाचं पोट बोटांनी वाजवून माझ्याकडं वळायचे. "मॅडम, डावं अंग ढोलासारखं वाजून राहिलंय. तुमाला काय वाटतं?" मी म्हणायचे, "पोटफुगी." मालकाला वाटायचं, बाईनं लांबून ओळखलं! रोगाचं नाव पहिल्यांदा माझ्या तोंडून यावं म्हणून हा माणूस सगळं ओळखून शेवटचा एक शब्द माझ्यासाठी सोडून देतो, हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. लक्षात आलं तेव्हा मला आधी राग आला. मग लाज वाटली. तोवर मात्र गावात माझं नाव झालं होतं.

यावरून कुणी म्हणेल, म्हणजे पुस्तकं वाया गेली. तसं नव्हतं, आणि हे मामांनाच माझ्याआधी कळलं होतं. एकदा एक जर्सी गाय आणली. ताप उतरत नव्हता, मानेखाली गाठ सुजलेली, डोळे पिवळट पडलेले. मामांनी सगळीकडं हात फिरवला आणि मान हलवली. "मला न्हाई समजून राहिलं मॅडम. ह्ये माझ्या हाताच्या भाईरचं हाय."

मी गाईच्या कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली धरला. तांबड्या पेशींमध्ये बारीक ठिपके दिसले. गोचिडापासून होणारा ताप होता. त्याचं इंजेक्शन हिंगोलीहून मागवावं लागणार होतं. मायक्रोस्कोपवरून मान वर केली तर मामा दारात उभे.

"बघायचंय का?" मी विचारलं.

ते आत आले. धोतराला हात पुसले. तो मायक्रोस्कोप ते पंधरा वर्षं रोज पुसत होते, त्यावर धुळीचा कण बसू देत नव्हते. पण त्यात डोळा लावून बघा असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि आपण होऊन बघणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. कोणता डोळा मिटायचा इथपासून तयारी. शेवटी दिसलं. ते बराच वेळ वाकून राहिले.

"ह्ये ठिपके?"

"हो."

"एवढुसं? एवढुशानं एवढी मोठी गाय पाडली?"

गाय पाचव्या दिवशी चरायला लागली. त्यानंतर ते जनावर बघून मला सांगताना एक नवी विचारणा करायला लागले, "काचात बघायचं का मॅडम?" दहातल्या आठ वेळा ते बरोबर असायचं.

त्यांच्या घरी मी पुष्कळदा जेवले. घर बुद्धविहाराच्या मागं, दोन खोल्यांचं, लख्ख सारवलेलं. बायको आधीच गेलेली. एकच मुलगी, हिंगोलीच्या कॉलेजात बीएस्सीला. एकदा भाकरी मोडता मोडता मी त्यांना विचारलं, "मामा, हे सगळं शिकलात कुठं?"

त्यांनी आधी माझ्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाले, "आमचा बाप गावातली मेलेली जनावरं ओढायचा. आमच्या घराकडं ते कामच व्हतं. एक दिवस मी म्हन्लं, मी ओढनार न्हाई. बाप म्हन्ला, मंग काय करशील? मी म्हन्लं, मला जिती बघायची हाईत." दहावीला गणित आणि इंग्रजी राहिलं. त्याच वर्षी वडील गेले. दवाखान्यात रोजंदारीवर लागले, पुढं कायम झाले. एकामागून एक डॉक्टर आले आणि बदलून गेले. प्रत्येकाच्या मागं उभं राहून मामांनी पाहिलं. "एक साहेब फार हुशार व्हते, पन हात थंड व्हता त्येंचा. म्हैस चमकायची. आपून हात चोळून घ्यावा, यवढंबी त्येंना सुचलं न्हाई." असं एकेकाकडून ते काय करावं आणि काय करू नये, दोन्ही शिकले होते.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला आजही सोपं जात नाही.

माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. एका गुरुवारी मी हिंगोलीला मीटिंगला गेले होते. दुपारी गावातल्या एका शेतकऱ्याची म्हैस अडली. दिवस भरलेले, कळा येत होत्या, पण वाट उघडत नव्हती. त्यांनी मामांना नेलं. मामांनी हात घालून पाहिलं आणि सांगितलं, "गर्भाच्या पिशवीला पीळ बसलाय. कोनी ओढू नका. डॉक्टर पाहिजेत." आणि त्यांनी मला फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा. फोन माझ्या पर्समध्ये होता, आवाज बंद करून. मीटिंग चालली होती आणि मी पहिल्या रांगेत बसले होते.

मामा त्या गोठ्यात अडीच तास थांबले, लोकांना थोपवत. मग ते दवाखान्यात माझी वाट बघायला आले. तेवढ्यात तिकडं लोकांचा धीर सुटला. कुणीतरी म्हणालं, नववी शिकलेल्या माणसाचं काय ऐकायचं? चौघांनी दोरी लावून ओढलं. म्हैस संध्याकाळपर्यंत गेली.

तक्रार झाली ती मामांवर. अधिकार नसताना त्यांनी म्हशीच्या पोटात हात घातला, म्हणून म्हैस दगावली. त्या शेतकऱ्यावर मला राग धरता येत नाही. दारातली दुभती म्हैस गेली होती आणि दोरी ओढणाऱ्या चौघांत तो स्वतः होता. दोष स्वतःवर घेण्यापेक्षा मामांवर टाकणं त्याला सोपं गेलं.

मीही तेच केलं. माझ्याकडं अहवाल मागितला होता. मी लिहिलं, "सदर परिचराने माझ्या परवानगीशिवाय जनावराची तपासणी केली." वाक्यात खोटं काही नव्हतं. तीन मिस्ड कॉलचा उल्लेख मात्र मी केला नाही. कच्चा मजकूर फाइलमध्ये घातला आणि टाइप करून आणायला मामांच्याच हाती सेनगावला पाठवला. संध्याकाळी त्यांनी टाइप केलेली प्रत माझ्या टेबलावर ठेवली. "सही करा मॅडम. टपालाची येळ व्हईल." मी सही केली.

चौकशीला वरून एक साहेब आले. माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीत बसले. मामा उभे.

"शिक्षण?"

"नववी पास."

"म्हणजे दहावी नापास."

"व्हय साहेब. गनितात आन् इंग्रजीत."

"मग म्हशीच्या पोटात हात काय म्हणून घातला?"

"हात घातला म्हनून तर कळलं साहेब, की ओढायचं न्हाई."

साहेबांनी त्यांच्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "डॉक्टरांनी सांगितलं होतं का हात घालायला?"

मी खिडकीपाशी उभी होते. आता मामांनी फोनचं सांगितलं असतं तर मी ते कबूल केलं असतं, असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिले. मामांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"न्हाई साहेब. मॅडम मीटिंगला व्हत्या. मी माझ्या मनानं घातला."

पंधरा दिवसांनी आदेश आला. परिचराने आपल्या पदाचे काम करावे, जनावर धरणे, स्वच्छता राखणे इत्यादी. उपचाराच्या कामी जनावरास हात लावू नये. नियम म्हणून त्यात चूक नव्हती. अर्धंमुर्धं ऐकून सुया टोचत हिंडणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या हातून मेलेली जनावरंही पाहिली आहेत. पदवी मागणारा कायदा त्यांच्यासाठी आहे. पण मामांना त्यांच्यातच मोजलं गेलं, आणि मोजमाप माझ्या वाक्यानं झालं होतं.

मामांनी आदेश दोनदा वाचला, माझ्यापुढं पोच म्हणून सही केली आणि झाडू हातात घेतला. त्या दिवसापासून त्यांनी तो आदेश अक्षरशः पाळला. जनावर धरायचे, पण बोटानं पोट वाजवून बघायचे नाहीत. "मॅडम, तुमाला काय वाटतं?" हा प्रश्न बंद झाला. लोक म्हणायचे, "मामा, बघा ना जरा." मामा म्हणायचे, "मला आर्डर न्हाई." रुसलेला माणूस जसं बोलतो तसं नव्हे, अगदी साध्या आवाजात. चहाच्या वेळी तर पहिल्यासारखेच हसायचे, गावच्या गोष्टी सांगायचे. त्यामुळं मला जास्तच जड जायचं.

याच दिवसांत एका रविवारी त्यांच्या मुलीनं घरात जाहीर केलं की ती कॉलेज सोडणार. चार म्हशी घेऊन दुधाचा धंदा करणार. मी तिथंच बसले होते. मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबांना जेवढं येतं तेवढं किती डिग्रीवाल्यांना येतं? मंग त्या डिग्रीच्या मागं काहून लागायचं?"

मी काही बोलण्याच्या जागेवर नव्हते. मामा चुलीपाशी बसले होते. ते म्हणाले, "धंदा कर. म्हशी मी निवडून देतो. पन शिकनं पुरं कर."

"काहून?"

"शिकायला कॉलेज लागतं असं मी म्हनत न्हाई. मी गोठ्यात शिकलो. पन कागुद नसला ना बाई, की कोनीबी खुर्चीवर बसून सांगतो तुला काय येतंय आन् काय न्हाई. मंग आपल्याला उभ्यानं ऐकावं लागतं." चुलीत काटकी सारून त्यांनी पुढं जोडलं, "आन् त्या काचात जे दिसलं ते मला जनमभर हात फिरवूनबी दिसलं नसतं. तेबी खरं हाय."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, नाहीतर मला रडू आलं असतं.

पावसाळा संपता संपता पुन्हा एक म्हैस अडली. या वेळी मी दवाखान्यातच होते. सकाळचे दहा वाजले असतील. मालकीण पन्नाशीची विधवा बाई होती, दोन मुलं शेतात राबणारी. मी आणि मामा मोटरसायकलवरून तिच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, गेलो. म्हैस उठबस करत होती, दात खात होती. मी हातमोजा चढवून हात घातला आणि मला काहीच कळेना. पुस्तकातलं चित्र मला पाठ होतं. आत मात्र सगळं गरम, घट्ट, एकमेकांत गुंतलेलं. दहा मिनिटांत माझा हात बधिर झाला.

बाई मामांच्या पाया पडायला वाकली. "मामा, तुमी हात घाला. माझं ऐका."

मामा चार पावलांवर उभे होते, दोन्ही हात पाठीमागं बांधून. "मला आर्डर न्हाई बाई. मॅडम हाईत."

मी मान वळवून म्हणाले, "मामा, मी सांगते, घाला हात. माझी जबाबदारी."

"नगं मॅडम. तुमचीबी नोकरी कच्ची हाय." आणि मग, तिथूनच, हळू आवाजात, "डोळे मिटा. आत डोळ्याचं काम न्हाई."

मी डोळे मिटले.

"घाई नगं. बोटं सैल सोडा. आता भिताडाला हात लावून चाला, अंधारात घरात चालतो तसं. वळ्या लागतात का? पिळलेल्या लुगड्यासारख्या?"

थोड्या वेळानं लागल्या. "लागतात."

"कोनीकडं वळून राहिल्यात?"

"उजवीकडं. वरून उजवीकडं."

"पक्कं?"

मी पुन्हा चाचपलं. "पक्कं."

"मंग पीळ उजवा हाय. काढा हात. उजव्या अंगावर पाडा म्हशीला."

पुस्तकात हे होतं. म्हशीला पीळ ज्या बाजूला, त्याच बाजूला लोळवायचं. पोटावर फळी ठेवून आतलं रेडकू जागच्या जागी दाबून धरायचं, म्हणजे म्हैस फिरते, पिशवी थांबते आणि पीळ उलगडतो. मी परीक्षेत हे लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. करताना कधी पाहिलं नव्हतं. मुलांनी दोर लावून म्हशीला पाडलं. गोठ्यातली लांब फळी आणली. आता फळीवर कुणी उभं राहायचं? थोरला मुलगा जड होता, धाकट्याचे पाय थरथरत होते.

मामांनी मला विचारलं, अगदी गंभीर चेहऱ्यानं, "मॅडम, फळीवर उभं राहनं उपचारात येतं का?"

इतक्या धामधुमीत मला हसू फुटलं. "नाही येत."

"मंग मी राहातो. फळी म्हंजे काय जनावर न्हाई."

त्यांनी चपला सारल्या आणि फळीवर चढले. मुलांनी पाय धरून म्हशीला हळूहळू लोळवलं, मामा फळीवर तोल सांभाळत पावलं बदलत राहिले. एकदा. मी हात घातला, पीळ तसाच. दुसऱ्यांदा. थोडा सैल वाटला, की मला तसं हवं होतं म्हणून वाटला, कळेना. "खरं सांगा," मामा म्हणाले. मी म्हणाले, "नाही सुटला." तिसऱ्यांदा म्हैस पाठीवरून पलीकडं गेली आणि भसकन पाणी आलं. मी हात घातला तर वाट मोकळी. पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक माझ्या तळव्याला लागलं. जिभेनं तळवा चाटला. जिवंत होतं.

वगार झाली. बाईनं तिला पदरानं पुसलं. मी तिथंच गवतावर बसले. दोन्ही हात खांद्यापर्यंत लडबडलेले. मामांनी बादलीभर पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "आलं तुमच्या हाताला. आता एकदा आलं ते जात न्हाई."

मला तेव्हा राहवलं नाही. त्या अहवालाचं, त्या वाक्याचं, फोनचं, सगळं मी त्यांना सांगून टाकलं. हात धुता धुता, बादलीकडं बघत.

मामा म्हणाले, "मला म्हाईत हाय ते."

"कसं?"

"टाइप करायला तुमी मलाच धाडलं व्हतं की. जीपमदी वाचलं. मला वाचता येतं मॅडम."

मी वर पाहिलं. ते माझ्या हातावर पाणी ओतत होते. धार थांबली नव्हती.

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"माझी नोकरी जानार नव्हती. तुमची गेली असती. आन् नवा डॉक्टर आला असता, त्येला पुन्ना पयल्यापासनं समदं शिकवावं लागलं असतं." एवढं बोलून ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "तकलीफ झाली. न्हाई कशाला म्हनू? पन तुमी एक दिवस सांगाल, यवढं वाटत व्हतं."

त्याच दुपारी मी दुसरं पत्र लिहिलं. तीन फोन आले होते, मी उचलले नव्हते. परिचरांनी केलेलं निदान अचूक होतं आणि त्यांचं ऐकलं असतं तर म्हैस वाचण्याची शक्यता होती, हे सगळं त्यात घातलं. शेवटी भरात येऊन लिहिलं की त्यांना जनावरांतलं सर्व काही येतं. पाठवण्याआधी मी ते मामांना वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"सर्व न्हाई. येतं तेवढंच लिव्हा."

मी ते वाक्य खोडलं आणि पुन्हा लिहिलं. पत्राला उत्तर आलं नाही. आदेश रद्द झाला नाही, माझ्यावर कारवाईही झाली नाही. फायलींमध्ये ते पत्र कुठंतरी असेल. पण त्या दिवसापासून खोड्यातल्या जनावरासमोर मामा पुन्हा माझ्याकडं वळून विचारायला लागले, "तुमाला काय वाटतं?" हात पाठीमागं असायचे. मी तपासायचे, सांगायचे, आणि चुकले की ते नुसते खोकायचे. त्या खोकल्यावर मी जे शिकले, त्याला कुठल्या विद्यापीठाचं नाव लावायचं मला माहीत नाही.

दीड वर्षानं ते निवृत्त झाले. निरोपाला शाल, नारळ, आणि माझं भाषण, जे मला धड करता आलं नाही. नंतर गावातले लोक त्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे. ते जनावर बघायचे, मालकाला धीर द्यायचे आणि मला फोन लावून द्यायचे. "मॅडम, मला असं वाटून राहिलंय. तुमी येऊन बघा." आता माझ्या फोनचा आवाज मी कुठल्याही मीटिंगमध्ये बंद करत नाही.

मुलीनं बीएस्सी पुरं केलं. आज तिच्या दारात अकरा म्हशी आहेत. दूध हिंगोलीला जातं. बापानं निवडून दिलेल्या पहिल्या चारांपैकी दोन अजून आहेत. पदवीचा काय उपयोग झाला, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "म्हशींना काई फरक पडत न्हाई. पन ऑफिसात गेलं की बसा म्हनतात."

मामा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. हृदयविकारानं, अचानक. मी तेव्हा मुंबईला प्रशिक्षणाला होते. पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी तीन आठवडे. थंडी सरत आली होती, तुरी काढून झाल्या होत्या. साखऱ्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी उभी होती, एक बैल सोडलेला. मामा धुळीत मांडी घालून बसले होते आणि बैलाचा खूर त्यांच्या मांडीवर होता. चिमट्यानं ते आतला काटा शोधत होते. बैल त्यांच्या खांद्यावर मान टाकून शांत उभा होता. मी गाडी थांबवली. एका वस्तीवर गाय अडली होती, तिकडंच चालले होते.

"मामा, मी बघू का?"

त्यांनी मान वर केली नाही. एक हात खुरावर तसाच ठेवून दुसरा हात त्यांनी पुढच्या रस्त्याकडं हलवला. "थांबू नका मॅडम. तिकडं वाट बघून राहिले असतील."

मी गेले. गाय मोकळी झाली, वासरू नीट आलं. परतताना त्याच ठिकाणी मी मुद्दाम गाडी हळू केली. तिथं कुणी नव्हतं. मातीत चाकांच्या दोन रेघा होत्या आणि त्यांच्या मध्ये बैलांचे खूर उमटलेले, दूरवर सेनगावच्या दिशेनं गेलेले. मी खाली उतरून पाहिलं. कुठल्याच पायाचा ठसा हलका नव्हता. चारही पाय सारखे टेकत बैल चालत गेला होता.